नववं रीळ

आमच्या चित्रपट मंडळाने 'अडीच नंबरची पलटण' दाखवायचं ठरवलं, तेव्हा निमंत्रणपत्रिकेची पहिली प्रत घेऊन यल्लव्वा माझ्या दारात उभी राहिली. मी नुकतीच अंबाबाईला जाऊन आले होते. तिथून आल्याशिवाय मी तोंडात पाणीही घालत नाही, हे तिला माहीत आहे, म्हणून ती बरोबर वेळ साधून येते.

"वाचा अक्का. मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. चित्रपटाला अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाल्याबद्दल रविवारी सकाळी दहा वाजता खास खेळ. खेळाआधी, पलटणीच्या स्वयंपाक्याची अजरामर भूमिका करणारे कालकथित बंडू सातप्पा कांबळे यांच्या कन्येचा सत्कार.

"नाव तेवढं परत वाचा."

"बंडू सातप्पा कांबळे."

"सिनेमात नुसतं बंडू लिवलंय," ती म्हणाली. "बाकी समद्यांची आडनावं हायत. माझ्या बाचं तेवढं न्हाय. विसरलं आसतील, न्हाईतर विसरल्यागत केलं आसंल. अठ्ठावन्न वर्सांनी कागदावर आलं बगा."

यल्लव्वा आणि मी एकाच शाळेत बावीस वर्षं होतो. मी चौथीला शिकवायचे, ती शिपाई होती. घंटा तिच्या हातात असल्यामुळे शाळेत खरा दरारा तिचाच. तिचे वडील तमाशात सोंगाड्याचं काम करायचे. त्यांनी आयुष्यात एकच सिनेमा केला, तो हा. पुढे कुणी बोलावलं नाही.

सिनेमाची गोष्ट साधी आहे. डोंगरातल्या एका ठाण्यावर एक लहानशी तुकडी पडलेली असते. इतकी लहान, की तिला धड नंबरही मिळालेला नसतो, म्हणून सगळे तिला अडीच नंबरची पलटण म्हणतात. एकाला बूट लहान होतात, एकाला बंदुकीपेक्षा बासरीची ओढ, आणि सुभेदाराला घोरण्याचं व्यसन. या सगळ्यांना सांभाळणारा, खरं तर सगळ्यांवर ओरडणारा, लांगरी म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. जेवायला उशीर करणाऱ्याला तो पातेल्याच्या बुडाची करपलेली खरवड वाढतो. पळीने पातेलं बडवत ओरडतो, "उशिरा येणाऱ्याला खरवड!" आमच्या लहानपणी कोल्हापुरात घराघरात हे वाक्य होतं. पंगतीला उशीर झाला की कुणीतरी ते म्हणायचंच.

खेळाला दोन आठवडे असताना एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत त्यावर लेख आला. 'विसरभोळ्या पलटणीचा विनोद' असं शीर्षक. लिहिणारे कुणी सौमित्र, महाविद्यालयात चित्रपट शिकवणारे. त्यांनी लिहिलं होतं, की या सिनेमाला अभिजात म्हणणाऱ्यांनी तो अलीकडे पाहिलेला नसावा. विनोद तेच तेच आहेत. गाणी मध्येच उगवतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे, तीन जवान गस्तीला जातात, लांबून गोळीबार ऐकू येतो, आणि पुढच्याच क्षणी सनई वाजते व स्वयंपाकी एका लग्नात बेभान नाचू लागतो. त्या तिघांचं काय झालं हे कुणी विचारत नाही. शेवटी असं वाक्य होतं: 'बंडू नावाच्या नटाला शोक म्हणजे काय हे ठाऊक नसावं, आणि दिग्दर्शकाला तर नाहीच.'

यल्लव्वाने तो लेख घडी घालून कमरेला खोचून आणला होता. "अक्का, ह्या माणसाला एकदा माझ्यासमोर उभा करा. बाकी मी काय म्हणत न्हाय."

मी तिला शांत केलं. पण मंगळवारी मंडळाचे कार्यवाह उदयसिंह सरनोबत यांचा फोन आला. ते स्वतः सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. लेख वाचून दोन-तीन माजी सैनिकांनी त्यांना विचारलं होतं, की जवान मेल्यावर लांगरी नाचतोय असला सिनेमा तुम्ही लावता तरी कसा? "ताई, मी काय उत्तर देऊ? मी बी बघितला काल मोबाईलवर. लेखात लिहिलंय तसंच आहे की ते. दुसरा सिनेमा लावतो. यल्लव्वाबाईंना तुम्हीच सांगा, तुमचं त्या ऐकतात."

म्हणजे सत्कार गेला, आणि छापलेलं नावही गेलं. मी आठ दिवसांची मुदत मागितली. कशासाठी, ते माझं मलाच माहीत नव्हतं.

मला एक गोष्ट मात्र पक्की आठवत होती. हा सिनेमा मी अकरा वर्षांची असताना वडिलांबरोबर इथल्याच थिएटरात पाहिला होता, आणि त्यात लांगरी रडला होता. भाताच्या पातेल्यापाशी बसून, खांदे हलवत, आवाज न करता. इतकं स्पष्ट आठवत होतं की मी त्याच दिवशी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. 'आपण तो प्रसंग पाहिला नाही काय?' असं नम्रपणे विचारलं. गुरुवारी पत्र छापून आलं आणि सकाळी पोथी वाचून उठते तोवर फोन वाजला.

"लीलाकाकू का? मी सौमित्र. तुमचं पत्र वाचलं. काकू, मी सिनेमा दोनदा पाहिलाय. त्यात स्वयंपाकी कुठेही रडत नाही."

"नीट पाहिलंत?"

"तुम्ही या ना. आपण दोघं मिळून पाहू. सापडला प्रसंग तर मी जाहीर माफी मागतो."

आवाज उद्धट नव्हता. मला राग यायला हवा होता, पण येईना. त्याऐवजी मनात एकच घोळायला लागलं: जे पडद्यावर नाही, ते मी पाहिलं कुठे?

शुक्रवारी मी त्यांच्या महाविद्यालयात गेले. सौमित्र तिशीतले, दाढीवाले, बोलताना चष्मा काढून पुसणारे. खोलीत मोठा पडदा होता. सुरुवातीलाच सेन्सॉरचं प्रमाणपत्र आलं, पूर्वीच्या सिनेमांना असायचं तसं. मी म्हटलं, "थांबा." मला वाचायची सवय आहे, पोथी असो की औषधाची बाटली, मी अक्षर सोडत नाही. प्रमाणपत्रावर लिहिलं होतं, रिळं चौदा.

"एक रीळ किती मिनिटांचं असतं हो?"

"साधारण दहा."

"मग चौदा रिळांची दोन तास वीस मिनिटं व्हायला हवीत. हा तर, खाली लिहिलंय, दोन तास नऊ मिनिटांत संपतोय."

सौमित्रांनी चष्मा काढला आणि पुसला. "रिळं कमीजास्त लांबीची असतात, काकू. पण मोजता येईल. रीळ संपत आलं की वरच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकतो. मशीनवाल्याला खूण. तुम्ही ठिपके मोजा, मी वेळ लिहितो."

जपमाळ पिशवीत होती, पण ती असल्या कामाला वापरायची नाही. मी बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. डोळ्यांवर ताण देऊन कोपऱ्यातच बघत होते, त्यामुळे सिनेमा असा काही दिसलाच नाही. फक्त कडेकडेने कुणीतरी पडतंय, कुणीतरी ओरडतंय. आठवा ठिपका आला तेव्हा तिघं जवान अंधारात शिरत होते. लांब गोळीबार झाला. लगेच सनई. चार बोटांची बारा पेरं भरली आणि सिनेमा संपला.

"चौदा रिळांना तेरा ठिपके हवेत ना?" मी विचारलं.

"हवेत," सौमित्र म्हणाले. ते खुर्चीतून उठून उभेच राहिले होते. "काकू, यात नववं रीळच नाही."

त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो आपण चुकलो हे कळलेल्या माणसाचा नव्हता. शाळेत एखाद्या मुलाला बेडकाच्या पोटात काय असतं ते बघायला मिळावं, तसा होता. मला ते आवडलं.

त्यांनी चौकशी केली. या सिनेमाची एकच प्रत जगात उरली आहे आणि ती मुरगूडकडच्या एका फिरत्या सिनेमा-तंबूतली, असं निघालं. तंबूचा सगळा माल एका संग्राहकाने घेतला होता, त्यातून ही प्रत इंटरनेटवर आली. तंबूत मशीन चालवणारे ज्ञानू मेस्त्री अजून मुरगुडात राहतात.

सोमवारी एसटी स्टँडवर मी, सौमित्र आणि यल्लव्वा असे तिघं जमलो. यल्लव्वाला मी सौमित्रांबद्दल सांगितलं होतं, तरी ती त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळत राहिली.

"त्यो तू व्हय? मला वाटलं मोठा माणूस आसंल."

"मावशी, मी लिहिलं ते..."

"ऱ्हाऊ दे. रीळ सापडलं तर बोलू. न्हाई सापडलं तरी बोलूच, पर मग उभ्यानं."

बसमध्ये तिने त्यांना खिडकीची जागा दिली नाही. कागल मागे पडेपर्यंत मात्र त्यांच्या हातावर शेंगा ठेवून विचारत होती, लग्न झालंय का, पगार किती, नुसतं सिनेमे बघायचे पैसे देतात काय.

ज्ञानू मेस्त्रींचं घर बाजारामागच्या बोळात. ऐंशीच्या पुढचे, वाळून खारीक झालेले, पण आवाज खणखणीत. सौमित्रांनी विषय काढताच ते म्हणाले, "बोलू की. आधी पावण्यांचं जेवाण." त्यांच्या पत्नी झुंबरबाईंनी भाकरी थापायला घेतलीच होती. मला एकादशी होती. तसं सांगितल्यावर म्हाताऱ्याचा चेहरा पडला.

"म्हंजे माझ्या घरात पावणी उपाशी बसनार आन मी बडबडत ऱ्हानार? जमायचं न्हाय."

"अहो, उपवास आहे हो माझा."

"उपासाचं काय ते खावा. खाल्ल्याबिगर मी बोलत न्हाय."

झुंबरबाई दोन केळी आणि राजगिऱ्याचा लाडू घेऊन आल्या. मी लाडू मोडून तोंडात टाकेपर्यंत म्हातारा खरोखरच ओठ मिटून बसला होता. मग एकदम सुरू झाला.

"नववं रीळ? हाय की. माझ्यापाशीच हाय."

सौमित्रांनी घाईने वही काढली.

"चैतापास्नं आमचा तंबू जत्रंजत्रंनं फिरायचा. एका गावात पालखी देवळात गेली की खेळ सुरू. तंबू देवळाच्या अंगणालाच लागून. पंचांनी पयल्याच वर्सी सांगितलं, देवाच्या दारात मढं न्हाय दाखवायचं. सिनेमा कुठला बी लावा, पर मरणाचं रीळ काढून ठेवा. बाकीच्या गावांनी बी मग तेच धरलं. लोकं नारळ फोडून यायची, ल्हान पोरं, नव्या नवऱ्या. त्यास्नी कशाला रडवायचं? मग मी नववं काढायचो, आन आठाला धावं जोडायचो."

"पण काढलेलं परत घालायचं ना?" सौमित्रांनी विचारलं.

"शेहरात लावताना घालायचो की. पर काढलेलं रीळ मी तंबूत ठेवत नव्हतो. कुणी चुकून देवाफुडं लावलं म्हंजे? म्हून घरला आणून ठेवायचो. शेवटच्या वर्सी थोरल्या लेकीचं बाळंतपण निघालं, मी तिकडं. मागं मालकानं तंबू मोडला, हुतं तेवढं इकून टाकलं. रीळ ऱ्हायलं हितं, माळ्यावर." मग त्यांनी आमच्याकडे जरा दबून पाहिलं. "का? काय झालं?"

यल्लव्वाने सांगितलं, एकेक करून. लेख, फोन, रद्द व्हायला आलेला खेळ.

"म्हंजे माझ्यामुळं बंडूला शिव्या बसल्या व्हय?" म्हातारा म्हणाला.

मला त्यांना सांगावंसं वाटलं, की मी त्या जत्रेत असते तर मीही हेच म्हटलं असतं. पालखी आत गेल्यावर मरण नको. मी घरातही सणादिवशी तसलं बोलू देत नाही. माझ्यासारख्यांनीच तर ते रीळ बाहेर ठेवलं होतं. पण हे सगळं बोलायला मला नीट जमलं नाही. मी फक्त म्हटलं, "तुम्ही देवासाठी केलंत."

माळ्यावरून डबा उतरवला. झाकण उघडताच खोलीभर आंबट वास पसरला, लोणचं नासल्यासारखा. सौमित्रांनी नाक जवळ नेलं आणि त्यांचे खांदे उतरले. रिळाचे बाहेरचे वेढे एकमेकांना चिकटून गूळ झाले होते. मशीनवर चढणं शक्य नव्हतं. आतले काही वेढे मात्र सुटे होते. ते हलक्या हाताने उलगडून दाराच्या उजेडात धरले, तर नखाएवढी चित्रं दिसायला लागली. ताटं. कंदील. पळी धरलेला हात.

"बा!" यल्लव्वा म्हणाली. "डावा हात बगा. डावखुराच हुता त्यो."

"काय आहे यात, काका?" सौमित्रांनी विचारलं. "आठवतं?"

"आठवतं म्हंजे? शेहरात हजार डाव लावलंय." ज्ञानू मेस्त्री उठून उभे राहिले. "रातचं जेवाण. पलटण बसलीया. तीन ताटं मोकळी. लांगरी पातेलं बडवतोय. 'उशिरा येणाऱ्याला खरवड!' रोजच्यागत. कोण हसत न्हाय. सुभेदार म्हणतो, 'लांगरी, पुरे.' ह्यो म्हणतो, 'सायेब, शिस्त म्हंजे शिस्त.' आन मग वाढायला लागतो. पर आज उलटं. बसलेल्या सगळ्यांच्या ताटात खरवड. सुभेदाराच्या बी. वरचा मऊ भात समदा त्या तीन मोकळ्या ताटात. म्हणतो, 'आज येळंवर आलेल्यांनी खरवड खायाची.' आन पलटण खाती वो. गप खाती. दातांचा कुडुमकुडुम आवाज येतो, तेवढाच. बाजा न्हाय, गाणं न्हाय."

झुंबरबाई तव्यावरची भाकरी विसरून उंबऱ्यात उभ्या होत्या.

"मग सकाळ. लांगरी रजेचा अर्ज घेऊन सुभेदाराफुडं. सुभेदार वाचतो, 'कारण, बहिणीचं लगीन.' म्हणतो, 'लेका, तुला भण कवा झाली?' ह्यो म्हणतो, 'काल रातीपास्नं.' त्या तिघातलं सगळ्यात बारकं पोरगं हाय न्हवं, बासरीवालं, त्याच्या भणीचं लगीन असतंय. त्यात भाऊ म्हून ह्यो जातोय. सुभेदार सही करतो. रीळ संपलं. धाव्याला सनई."

सौमित्र खाली बसले. "म्हणजे तो नाच..."

"भावाचा नाच," यल्लव्वा म्हणाली. "लग्नात भाऊ नाचतोच की."

माझ्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. "मेस्त्री, आणि तो रडतो कधी?"

"कोण?"

"लांगरी. पातेल्यापाशी बसून."

"रडत न्हाय. एक टिपूस न्हाय. रडला असता तर सिनेमा तितंच पडला असता."

"मला पक्कं आठवतंय हो."

"बाई, मी रीळ हातानं जोडलंय. न्हाय म्हंजे न्हाय."

परतीच्या बसमध्ये मी त्या आठवणीला सगळीकडून चाचपून पाहिलं. हलणारे खांदे होते. अंधार होता. पण पातेलं कुठे होतं? जितकं आठवायला जावं तितकं पातेलं पुसट व्हायला लागलं आणि खांद्यांवर एक करड्या रंगाचा कोट दिसायला लागला. तो कोट माझ्या वडिलांचा. माझे धाकटे काका पलटणीत होते आणि चीनच्या लढाईतून ते परत आले नव्हते. घरात त्यांचं नाव कुणी काढत नसे. वडिलांना मी कधी डोळे पुसताना पाहिलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले आहे. पण पाहिलं होतं. शेजारच्या खुर्चीत. आणि अकरा वर्षांच्या मुलीला ते वडिलांवर ठेवता आलं नाही, म्हणून तिने ते पडद्यावर नेऊन ठेवलं.

हे मी सौमित्रांना सांगितलं. पत्रात मी खोटं लिहिलं होतं, ते त्यांना कळायला हवं होतं. त्यांनी चष्मा काढून खिडकीच्या उजेडात पुसला. यल्लव्वाने एव्हाना त्यांना खिडकी दिली होती.

"काकू, हे छापू?"

"नको," मी म्हटलं. "तुम्ही रिळाचं छापा."

पुढचे दोन दिवस त्यांनी सुट्या वेढ्यांमधली चित्रं काचेवर उजेड ठेवून एकेक करून टिपली. एकेचाळीस मिळाली. ती घेऊन बुधवारी आम्ही उदयसिंहांच्या घरी गेलो. ज्ञानू मेस्त्रींना फोनवर बसवलं आणि एकेक चित्र पुढे सरकवत गेलो. उदयसिंह मिशीला हात लावून, ताठ बसून ऐकत होते. ज्ञानू मेस्त्रींचं सांगून झालं.

"पूर्ण सिनेमा तर नाहीच झाला हा," उदयसिंह म्हणाले. "भोक पडलेलं आहे मधे. चित्रं काय, तोंडी काय. लोक हसतील."

"हसू देत की," यल्लव्वा म्हणाली. "हसायचाच सिनेमा हाय त्यो."

उदयसिंहांनी तिच्याकडे पाहिलं नाही. फोनकडे वाकून विचारलं, "मेस्त्री, खरवड सुभेदाराच्या ताटात पण वाढतो?"

"व्हय. आधी त्याच्याच."

"आणि सुभेदार खातो?"

"पुसून खातो सायेब."

उदयसिंह उठले, आत जाऊन पाणी पिऊन आले. "लावा," म्हणाले. "ज्यांचे फोन आलते त्यांना मी स्वतः आणून पुढं बसवतो."

रविवारी सभागृह भरलं. सौमित्रांचा दुसरा लेख त्याच सकाळी आला होता. नववं रीळ कसं गेलं आणि कसं सापडलं ते त्यांनी सरळ लिहिलं होतं, स्वतःची चूकही. सत्कार झाला. उदयसिंहांनी माईकवर नाव पूर्ण घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. यल्लव्वा पांढरं पातळ नेसली होती. शाल घेतली, नारळ माझ्याकडे दिला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली. मी आणि सौमित्र तिच्या मागे.

आठ रिळं लोक हसले, पण जपून. लेख सगळ्यांनी वाचला होता. पुढे काय होणार ते माहीत असल्यामुळे जो तो स्वतःला आवरून बसल्यासारखा. मग पडदा थांबला. एकेचाळीस चित्रं एकामागून एक आली आणि पडद्याच्या कडेला उभं राहून ज्ञानू मेस्त्रींनी सगळी सोंगं वठवली, लांगरीचं, सुभेदाराचं. खरवडीपाशी आल्यावर सभागृहात कुणाच्या खुर्चीचाही आवाज आला नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या जवानाने टोपी काढून मांडीवर ठेवली.

आणि दहावं रीळ सुरू झालं. सनई. लांगरी नाचायला लागला. मांडवात गिरकी घेताना त्याचा पाय स्वतःच्याच धोतरात अडकला, पटका डोळ्यांवर आला, तसाच आंधळा होऊन तो नवरदेवाच्या घोड्याला मिठी मारायला गेला, आणि घोडा मागे सरकला.

कुणीही हसलं नाही. लोक डोळे पुसत होते. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. आम्ही या नाचाचा अर्थ लावता लावता त्याची गंमतच काढून घेतली होती. समोर यल्लव्वाची मान एकदा उजवीकडे वळली, एकदा डावीकडे.

"काय वो, सुतकात बसलाय काय समदी?" ती मोठ्याने म्हणाली. शाळेची घंटा द्यायची तोच आवाज. "हसा की! रडवायला नाचत न्हाय त्यो. त्या पोरीच्या लग्नात कुणी तोंड पाडून बसू ने म्हून मरमर नाचतोय आन तुम्ही नाक पुसताय!"

पडद्यावर लांगरीने पटका वर सारला, घोड्याला मुजरा केला. यल्लव्वा खदाखदा हसली. एकटीच. मग पडद्याच्या कडेने ज्ञानू मेस्त्री हसले, आणि मग टोपी काढलेल्या त्या जवानाच्या तोंडून असा काही फुर्रकन आवाज आला, की सगळी रांगच फुटली. मागून शिट्टी आली. घोड्याने लांगरीचं धोतर तोंडात धरलं तेव्हा उदयसिंह मिशी दाबून हसत होते आणि गालांवरून पाणी ओघळत होतं, ते कुठल्या कारणाने ते त्यांनाच विचारायला हवं.

पुढच्या गाण्याला आवाज जरा ओसरला तेव्हा सौमित्र माझ्याकडे कलले.

"काकू, पण गाणी वाईटच आहेत."

"आहेतच," मी म्हटलं. "हे तर फारच."

"अक्का, ए मास्तर," पुढून यल्लव्वा मान न वळवता म्हणाली, "गप बसा की दोघं. बा बोलतोय तितं."